चंद्रावती बाईंचा अर्धा धडा

माझं झेरॉक्सचं दुकान शाळेच्या फाटकासमोर आहे, म्हणून शाळेचं नाव लिहीत नाही. डहाणू रोड स्टेशनपासून चालत थोडं अंतर, खासगी, विनाअनुदानित, इमारतीचा रंग पिवळा. ओळखू येऊ नये म्हणून रंग खोटा सांगितला आहे.

मी याच शाळेत शिकलो आणि दहावीला गणितात एकोणऐंशी मार्क काढून सगळ्यांना, मुख्यतः स्वतःला, चकित केलं. ते मार्क खरं तर चंद्रावती बाईंचे. चंद्रावती पागधरे, राहणार चिंचणी, बीएस्सी, बीएड. आई चिंचणीच्या बाजारात मासे विकायची, अजून विकते. नवरा तारापूरला एका कंपनीत ठेकेदाराच्या हाताखाली. एक मुलगी, किंजल. आमच्या शाळेत येण्याआधी बाईंनी तलासरीकडच्या एका आश्रमशाळेत वर्षभर तासावर काम केलं होतं. तिथे शिकवलेल्या तासांचे पैसे पुढच्या वर्षी आंब्याला मोहोर आला तेव्हा मिळाले. त्यामानाने आमची शाळा बाईंना नोकरी वाटली.

बाईंच्या गणितात आगगाड्या एकमेकींना ओलांडत नसत आणि कुणाचा बाप मुलाच्या तिप्पट वयाचा नसे. बाजार असायचा. तीन वाटे बोंबील आणि दोन वाटे कोळंबी घेतली तर इतके रुपये, तेवढेच बोंबील आणि एक वाटा कोळंबी घेतली तर तितके, मग एका वाट्याला किती? पोरगं चुकलं की बाई म्हणायच्या, या भावाने माझ्या आईकडे मागून बघ, टोपलीसकट मारेल. आम्ही हसायचो आणि हसता हसता गणित डोक्यात जायचं. बाईंना एकाच गोष्टीचा गर्व होता. त्या चुकत नसत, आणि मागच्या बाकाला कळल्याशिवाय फळा पुसत नसत. शिपाई घंटा देऊन दमायचा, पुढच्या तासाचे सर दारात उभे राहून जांभया द्यायचे, फळा तसाच.

आता पगाराची पद्धत सांगतो, म्हणजे पुढचं सगळं कळेल. शाळेचा क्लार्क विपुल दर महिन्याच्या सात तारखेला स्टेशनजवळच्या एटीएममध्ये शिरतो. त्याच्या हातात रबरबँड लावलेली बावीस कार्डं असतात. बावीस शिक्षकांची. एक कार्ड घालायचं, पिन दाबायचा, नोटा काढायच्या, पुढचं कार्ड. मागे रांगेतला माणूस आधी खोकतो, मग विचारतो, मग शिव्या देतो. विपुल ढिम्म. बावीस पिन तुझ्या लक्षात कसे राहतात, असं मी एकदा त्याला विचारलं. तो म्हणाला, सगळ्यांचा एकच ठेवलाय, शेठच्या गाडीचा नंबर. शेठ म्हणजे संस्थेचे अध्यक्ष.

बाईंच्या खात्यात जमा व्हायचे चौतीस हजार. विपुल ते काढून शाळेत न्यायचा आणि बाईंच्या हातात पाकीट पडायचं साडेनऊ हजारांचं. बाकीचे संस्थेच्या विकासाला. संस्थेचा विकास शेठच्या घरावर तिसरा मजला होऊन उभा राहिलेला आहे, कुणालाही जाऊन बघता येईल. कागदावर मात्र बाई चौतीस हजारवाल्या. त्या कागदावरून त्यांचा व्यवसाय कर कापला जायचा. त्याच कागदावरून त्यांचं केशरी रेशनकार्ड पांढरं झालं आणि धान्य बंद झालं. न मिळालेल्या पगाराची शिक्षा भोगणारी अशी बावीस माणसं एकाच इमारतीत रोज प्रार्थनेला उभी असायची.

साडेनऊ हजारात किती शिकवायचं, याचं गणित प्रत्येकाने आपापलं सोडवलं होतं. इतिहासाचे सर पोरांना आळीपाळीने धडा वाचायला लावायचे आणि स्वतः मोबाईलवरून गिऱ्हाइकांना बोर्डीच्या प्लॉटचे फोटो पाठवायचे. विज्ञानाच्या बाई प्रयोगशाळेत बसून वह्यांना कव्हरं घालायच्या, ती पोरांनाच विकायच्या. चंद्रावती बाई एकट्या चौतीस हजारांचं शिकवायच्या. त्यांच्या सहकाऱ्यांना याचा राग यायचा. कमी पगाराच्या नोकरीत एकाने मन लावून काम केलं की बाकीच्यांचा निवांतपणा उघडा पडतो.

चार वर्षांपूर्वी शेठचा मुलगा जिग्नेश बडोद्याहून एमबीए करून परत आला. त्याने शाळेकडे नीट पाहिलं तेव्हा त्याला दिसलं, की तीन वाजता शाळा सुटली की इमारत रिकामी पडते. त्याने साडेतीन ते साडेपाच बॅच काढली. शाळेच्याच वर्गात, शाळेच्याच बाकांवर, शाळेच्याच शिक्षकांनी शाळेच्याच पोरांना शिकवायचं. फी फक्त वेगळी. पण सकाळच्या फीत जे मिळतं त्याला दुपारी परत पैसे कोण मोजणार? जिग्नेशने हे एका ओळीत सोडवलं. वर्गात अर्धा धडा, बॅचमध्ये उरलेला. शिक्षकांना पोरामागे कमिशन. महिनाभरात सगळे विषय मधोमध चिरले गेले. शिवाजी महाराज वर्गात सुरतेला निघायचे आणि बॅचमध्ये पोचायचे.

डहाणू रोडच्या पोरांना याचा फारसा त्रास नव्हता. त्यांचे आईबाप कुरकुरत का होईना, फी भरायचे. नववीचे दोन वर्ग आहेत. अ मध्ये ही गावातली पोरं. ब मध्ये कैनाड आणि त्या बाजूच्या पाड्यांवरची, बहुतेक वारली, भात आणि नाचणी पिकवणाऱ्या घरांतली. ती लक्ष्याच्या इको गाडीतून येतात. सात जणांच्या गाडीत लक्ष्या सोळा पोरं बसवतो, तरी त्याला दोन फेऱ्या माराव्या लागतात आणि शेवटची फेरी तीन वीसला निघते. बॅच साडेतीनला. म्हणजे फी भरायची ऐपत असती तरी ब ला बॅच नव्हतीच.

आणि नववी म्हणजे आमच्या शाळेत चेष्टा नाही. दहावीचा निकाल दरवर्षी शंभर टक्के लागतो, फाटकावर फ्लेक्स झळकतो, तो मीच छापून आणतो. शंभर टक्के कसे लागतात ते नववीत ठरतं. ज्याचा भरवसा नाही त्याला नववीतच नापास करायचं आणि दाखला हातात द्यायचा. कैनाडच्या पोरीच्या हातात दाखला पडला की ती पुन्हा कुठल्या शाळेत जात नाही. ती भाताच्या आवणीला, रोपं लावायला जाते, नाहीतर पहाटेच्या गाडीने उंबरगावच्या एखाद्या कंपनीत पॅकिंगला. गणिताच्या पेपरात अर्ध्याहून जास्त मार्क कठीण भागावर असतात. तो कठीण भाग बॅचमध्ये. थोडक्यात, धड्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागाची किंमत अ ची पोरं फी देऊन मोजायची आणि ब ची पोरं शाळा गमावून.

बाईंनी पहिल्यांदा हे सरळ झुगारलं. पूर्ण धडा शिकवत राहिल्या. गणिताची बॅच ओस पडली. जिग्नेशने ऑफिसात बोलावून समजावलं, मग जूनमध्ये मिळणाऱ्या अकरा महिन्यांच्या नेमणुकीच्या ऑर्डरची आठवण करून दिली. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, बरं, अर्धाच शिकवते.

गेल्या वर्षी त्या खरोखरच अर्धा धडा शिकवत होत्या. कुठला अर्धा, हे जिग्नेशने सांगितलं नव्हतं. दोन चलांच्या समीकरणांचा धडा घ्या. पहिल्या भागात समीकरणं दिलेली असतात, नुसती सोडवायची. पुस्तक उघडून बसलं तर कुणालाही जमतं. दुसऱ्या भागात गोष्ट दिलेली असते, समीकरणं आपण मांडायची. पोरं पडतात तिथे. बाई वर्गात शिरल्या की थेट दुसऱ्या भागाला हात घालायच्या आणि सोपा पहिला भाग मोठ्या मनाने बॅचसाठी सोडायच्या. बॅचमधली पोरं पैसे भरून पुस्तकातलं वाचून घ्यायची. त्या वर्षी ब मधून कधी नव्हे ती सत्तावीस पोरं दहावीत गेली. त्यातच कैनाडचा रघ्या होता, वर्गातला सर्वात उंच आणि सर्वात गप्प मुलगा. बाई निकालाच्या दिवशी दुकानात आल्या, त्यांनी पेढा माझ्या हातावर न ठेवता थेट तोंडात कोंबला आणि म्हणाल्या, मनिष, सत्तावीस रे. अकरा वर्षांत त्यांनी पगाराचा आकडा कधी असा सांगितला नव्हता. अर्थात पगाराच्या आकड्यात सांगण्यासारखं काही नव्हतंच.

जिग्नेशला ही युक्ती कळायला अख्खं वर्ष लागलं. एमबीए असल्यामुळे तो आधी आकडेवारी बघत होता. शेवटी एका बापाने येऊन सांगितलं, की माझी मुलगी तुमच्या गणिताच्या बॅचमध्ये झोप काढते, घरीच झोपली तर फी परत द्याल का? मला वाटलं, आता बाई गेल्या. पण तेवढी अक्कल जिग्नेशला होती की त्यांना घालवण्यात तोटा आहे.

हे बोलणं माझ्या काउंटरपाशीच झालं. बाई प्रश्नपत्रिकेची झेरॉक्स घ्यायला आल्या होत्या, जिग्नेश फ्लेक्सचं डिझाइन बघायला. तो फ्लेक्स विसरला आणि बाईंकडे वळला.

"चंद्राबेन, डोकं तुमचं, बिल्डिंग माझी. भांडून आपल्याला काय मिळणार?"

 त्याने पुढे सांगितलं. गणिताची सगळी बॅच बाईंची. पोरामागे चाळीस टक्के. त्याने हिशेब करून ठेवलेला होता, महिना चोवीस हजार कुठे गेले नाहीत, पाकिटातले साडेनऊ वेगळे. बदल्यात एकच, धडा जिथे चिरायला हवा तिथेच चिरायचा. आणि दोन्ही मिळून खात्यातले चौतीस हजार जवळपास होतातच, म्हणून कार्ड परत.

"पिन बदलता येईल मला?" बाईंनी विचारलं.

"तुमचं कार्ड, तुमचा पिन."

बाईंनी झेरॉक्स घेतली, मोजली, पर्समध्ये ठेवली आणि गेल्या. नकार द्यायचा असता तर त्यांनी पिनचं विचारलंच नसतं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. बाईंनीच शिकवलेलं गणित, तरी मला दोन दिवस लागले.

इथे मला वाचणाऱ्यांची सोय करता आली असती. किंजलला मोठं दुखणं लागलं, नवऱ्याचा हात मशीनमध्ये गेला, आईची टोपली म्युनिसिपालटीने उचलली, असं काही लिहिलं की बाई सुटतात आणि आपणही सुटतो. तसं काही झालं नाही. सगळे ठणठणीत होते, देवाच्या दयेने अजून आहेत. बाईंना चांगला पगार मिळाला, एवढंच झालं.

या जूनपासून बाई स्कूटीने येतात. घरी दोन दारांचा फ्रिज आला. साडीला इस्त्री असते. त्या जास्त आनंदी दिसतात, हे लिहायला मला आवडत नाही, पण दिसतात. आणि मेहनत म्हणाल तर पूर्वी कधी केली नसेल एवढी करतात. पूर्वी बाई वर्गात नुसतं पुस्तक घेऊन जायच्या, बाकी सगळं डोक्यात. आता आदल्या दिवशी धड्याचं टिपण काढतात आणि त्यावर तांबडी रेघ मारतात. रेघेच्या वर वर्ग, खाली बॅच. ते टिपण माझ्याकडे येतं, खालच्या भागाच्या सगळ्या इयत्ता मिळून दोनशे दहा प्रती काढायच्या, बारा पानी सेट, वर्गात एकही पान जाता कामा नये अशी ताकीद. इतर शिक्षक धडा कुठेही तोडायचे, कुऱ्हाडीने लाकूड फोडल्यासारखा. बाईंची रेघ बरोबर तिथे असते जिथे पोराला पुढे काय होणार हे कळण्याची सर्वात जास्त घाई झालेली असते. माझ्यासारख्या माणसालासुद्धा ते टिपण स्टेपल करता करता वाटायचं, बॅचला नाव घालावं. पाहिजे ते सगळं कौशल्य त्या बाईच्या अंगात होतं. आता ते थांबण्यात खर्च व्हायला लागलं होतं.

एकदा मी न राहवून विचारलं, बाई, ब चं काय?

"ब वाल्यांना पडलेलीच नाही रे," बाई म्हणाल्या. "मी थांबते आणि ते वह्या मिटतात. एक जण विचारत नाही पुढे काय म्हणून. गेल्या वर्षीची पोरं कशी डोकं खायची."

त्यांच्या आवाजात चक्क तक्रार होती. पोरांनी शिकायची इच्छा दाखवली नाही म्हणून बाईंना वाईट वाटत होतं. मला त्या दिवशी शिसारी आली. पानाच्या पिचकारीत पाय पडल्यावर येते तशी, चप्पल काढून फेकावीशी वाटणारी. शिसारी आली तरी मी सेट स्टेपल करत राहिलो. पानाला एक रुपया मिळतो, हेही सांगून टाकतो.

दिवाळीनंतरची गोष्ट. शाळा सुटायच्या सुमारास नववी ब मधली रविना दुकानात आली. कैनाडची. तेल लावून घट्ट घातलेल्या दोन वेण्या, खांद्यावर दप्तर, हातात वहीचं चार घड्या घातलेलं पान. हे मोठं करून मिळेल काय, तिने विचारलं. अक्षर मोठं पाहिजे. मी म्हटलं, दहा रुपये. तिने दोन-दोनची नाणी काढून काउंटरवर रचली. कशाला पाहिजे एवढं मोठं, असं मी सहज विचारलं.

"बाईंसाठी," ती म्हणाली. "त्यांना दिसायला पाहिजे ना."

मग तिने जे सांगितलं ते मी मशीनचं झाकण उघडं धरून ऐकत होतो. ब वर्गाच्या लक्षात जुलैतच आलं होतं, की बाई प्रत्येक धड्याच्या मध्येच थांबतात. खडू वर धरलेला असतो आणि पुढचं येत नाही. रविनाचा मावसभाऊ म्हणजे दहावीतला रघ्या. त्याने सांगितलं, की मागच्या वर्षी बाईंना सगळं यायचं, कठीण भाग तर आधी घ्यायच्या. याचा अर्थ ब वर्गाने एकच काढला. बाई विसरायला लागल्यात. अ ची पोरं म्हणतात की पुढचं बॅचमध्ये होतं, पण तिथे जिग्नेश सर असतात, ते बाईंना आठवण करून देत असतील. ब मध्ये कोण देणार?

"माझी आजी पण अशीच," रविना म्हणाली. "चूल पेटवते आणि बसून राहते. पुढे काय करायचं ते आठवत नाय तिला. आम्ही विचारत नाय. विचारलं की रडते."

म्हणून छत्तीस पोरांनी आपसात ठरवलं होतं. बाई थांबल्या की लगेच वह्या मिटायच्या, जसं काही धडा संपलाच. पुढे काय, असं कुणी विचारायचं नाही. काकड्या नावाच्या एका मुलाने विसरून हात वर केला, तर त्याला मागच्या बाकावरून चिमटा काढून खाली बसवलं होतं. पण आता घटक चाचणी आठ दिवसांवर आली होती. तिचे मार्क नववीच्या निकालात धरतात आणि रविनाला पहिल्या सहामाहीत गणितात अकरा होते. अजून एकदा असे पडले तर तिच्या आईने उंबरगावच्या गाडीवाल्याशी बोलून ठेवलं होतं. म्हणून तिने रघ्याला गाठलं. त्याची जुनी वही घरातल्यांनी रद्दीत घातलेली, तरी त्याने आठवून आठवून मागच्या वर्षीचं बाईंचं बाजाराचं गणित एका पानावर लिहून दिलं होतं. हे बघून बाईंना आठवलं तर त्या शिकवतील, अशी ब वर्गाला आशा होती.

मी तिला तिथेच सांगायला हवं होतं. मी मशीनवर एकशे एक्केचाळीस टक्के दाबलं.

कागद बाहेर आला तेव्हा मी वाचला. तीन वाटे बोंबील, दोन वाटे कोळंबी, चारशे ऐंशी रुपये. तीन वाटे बोंबील, एक वाटा कोळंबी, तीनशे तीस रुपये. रघ्याने समीकरणं अगदी बाईंसारखी मांडली होती. पण एकातून दुसरं वजा करताना शेवटचं चिन्ह बदलायला तो विसरला होता आणि वजाबाकीची बेरीज झाली होती. उत्तर लिहून त्याने खाली दोन रेघा मारल्या होत्या. कोळंबीचा एक वाटा, आठशे दहा रुपये.

तेवढ्यात बाईंची स्कूटी आली. बॅचचे सेट घ्यायला त्या रोज याच वेळेला येतात. रविनाने आधी इकडेतिकडे पाहिलं, अ मधलं कुणी नाही याची खात्री केली, मग कागद पुढे केला.

"बाई, हे रघ्याने लिहिलंय. तुम्ही घरी बघा, वर्गात नको. आम्ही कोणाला सांगणार नाय."

बाईंना काही कळेना. काय सांगणार नाही? रविना खाली बघत म्हणाली, की विसरतं कधी कधी माणूस, त्यात काय, आजी पण विसरते. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडावर सगळं लिहिलेलं असावं, तेही मोठ्या अक्षरात. मग त्यांनी कागद वाचायला घेतला. त्यांचे डोळे एकेक ओळ उतरत गेले आणि वजाबाकीपाशी थांबले. हात आपोआप पर्समध्ये गेला, तांबडा पेन निघाला, टोपण निघालं. अकरा वर्षांची सवय. चुकीचं उत्तर समोर दिसलं आणि बाईंनी सोडलं, असं मी कधी पाहिलेलं नव्हतं.

रविना टाचा उंचावून त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"येतंय काय आठवून, बाई?"

पेन कागदापासून बोटभर अंतरावर होता. चिन्ह बदललं की सगळं आठवतंय हे उघड होणार होतं, आणि सगळं आठवतंय तर मग पाच महिने वर्गात काय चाललं होतं, हा प्रश्न छत्तीस पोरांपैकी कुणाच्या तरी डोक्यात येणारच होता. बाईंनी टोपण लावलं.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "छान काढलंय रघ्याने."

"मग उद्या शिकवाल?"

"बघू."

बाहेर लक्ष्याने हॉर्न दाबून धरला होता. रविना पळाली. इकोत कोंबलेल्या पोरांना तिने चढता चढता काहीतरी सांगितलं आणि त्या सगळ्यांनी वळून बाईंकडे पाहिलं. कुणी हसलं नाही. दवाखान्यात भेटायला गेल्यावर पेशंटकडे बघतात तसं बघत होती पोरं.

चिंचणीच्या बाजारात लहानाची मोठी झालेली बाई. चारशे ऐंशी रुपयांच्या बाजारात आठशे दहाची कोळंबी तिने खपवून घेतली होती.

"बाई, आठशे दहा," मी म्हटलं.

"सेट झाले का?" बाईंनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ते गणित शिकवलं नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. ब वर्गाने बाईंवर न विसंबता रघ्याच्या पानावर मदार ठेवली. बाईंनी स्वतः बरोबर म्हटलेलं पान, मग काय भीती? सगळ्यांनी ते वहीत उतरवलं, काहींनी पाठ केलं. बाईंना हे माहीत नव्हतं असं म्हणून मी स्वतःची समजूत घालू शकलो असतो, पण चाचणीचा पेपर त्यांनीच काढला होता आणि तो माझ्याकडेच छापायला आला होता. तिसऱ्या प्रश्नात बोंबील आणि कोळंबी होती, आकडे तेच. बॅचच्या सेटमध्ये हे गणित सोडवून दिलेलं होतं, उत्तर दीडशे. अ च्या पोरांना मार्क मिळायला हवेत म्हणून ते पेपरात होतं. फी भरल्याचं काहीतरी दिसायला नको का?

छत्तीसपैकी तेहतीस पोरांनी आठशे दहा लिहिलं. बाईंनी तेहतीस फुल्या मारल्या. विपुल म्हणत होता, ब वर्गाने सामुदायिक कॉपी केली म्हणून जिग्नेशने पालकांना बोलवायचं ठरवलंय, आणि काही दाखले आत्ताच तयार ठेवायला सांगितलेत. बाई त्या वेळी ऑफिसातच होत्या. त्या काय म्हणाल्या, मी विचारलं. विपुल म्हणाला, काही नाही, चहा घेत होत्या.

परवा रविना तपासलेला पेपर घेऊन दुकानात आली. चाळीसपैकी नऊ. आईच्या सहीसाठी झेरॉक्स लागते, मूळ पेपर शाळेत जमा करायचा असतो. तिसऱ्या प्रश्नावर तांबडी फुली होती, रेखीव, दोन्ही टोकं सारखी. मी तिला विचारलं, तुला राग नाही आला? बाईंनीच तर बरोबर म्हटलं होतं.

"परत विसरल्या ना त्या," रविना म्हणाली.

तिने पेपरची घडी घातली. आई म्हणते की त्यांना एकदा कैनाडला घेऊन ये, भगत बघेल, झाडपाला देईल. पण बाईंना हे सांगायचं कसं, ही तिची अडचण होती. पोरांनी सांगितलं तर त्यांना लागेल. तुम्ही मोठे आहात, त्यांच्याच हाताखाली शिकलात, तुम्ही सांगाल काय?

सांगतो, मी म्हटलं, आणि मशीनमध्ये कागद भरायला वळलो. बॅचचे नवे धडे आले होते, दोनशे दहा प्रती.